एक फुकट

अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती १ जून १९४८. खरी कुणालाच ठाऊक नव्हती. गुरुजींनी त्या काळी निम्म्या गावाला एक जूनच दिलेली. पण त्याच दिवशी पुणे–नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली, हे नोकरीला लागल्यावर त्यांना कळलं, आणि तेव्हापासून ते एसटीला आपली जुळी बहीण म्हणू लागले. “ती रस्त्यावर बंद पडते, मी पडत नाही, एवढाच फरक.”

भोर आगारात ते कंडक्टर होते. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि पंच. गर्दीतून वाट काढताना पंच ट्रेवर टकटक वाजायचा. अंगणात ती टकटक ऐकू आली की आम्ही भावंडं अभ्यासाला बसल्याचं नाटक करत असू. ते दारातूनच ओरडायचे, “पुस्तक उलटं धरणाऱ्याला पूर्ण तिकीट!”

त्यांचे विनोद असे कामातूनच यायचे. एकदा एका बाईनं मुलगा चार वर्षांचा म्हणून सांगितला. अण्णांनी मुलालाच विचारलं, “कितवीत रे बाळ?” तो म्हणाला, “तिसरीत.” अण्णा गंभीरपणे म्हणाले, “हुशार आहे हो!” आणि अर्धं तिकीट फाडलं. पिशवीत कमी भरलं तर पदरचं भरावं लागे. एकदा महिनाअखेरीला एकवीस रुपये गेले. आईचा चेहरा उतरला, तर म्हणाले, “कुणी पोरगी फुकट माहेरी पोचली असंल, जाऊ दे.” त्या महिन्यात त्यांनी तंबाखू सोडली. पुन्हा धरली नाही. यावर मात्र त्यांनी कधी विनोद केला नाही.

मुक्कामाची गाडी बहुतेकदा त्यांच्याच वाट्याला. हिर्डस मावळातलं एखादं गाव, पाऊस असा की समोरचं झाड दिसू नये. रात्री गाडीतल्याच बाकावर, पैशांची पिशवी उशाला घेऊन झोपायचं आणि पहाटे पहिली खेप घेऊन निघायचं. जाताना गावाची औषधं, बॅटरीचे सेल, लेकीबाळींचे निरोप न्यायचे. येताना कुणीतरी हातात आंबेमोहोराचं पुडकं द्यायचं. लहानपणी मला वाटे, अण्णांचं खरं घर गाडीच आहे, आमच्याकडे ते मुक्कामाला येतात.

दिवाळीत तर जादा गाड्या. सगळं गाव घरी आणून सोडणारा माणूस स्वतः घरी नाही. मग आईनं पंचांगच बदललं. अण्णांना सुट्टी मिळेल ती पहाट आमची नरकचतुर्दशी. एका वर्षी ती तुळशीच्या लग्नानंतर आली. गल्लीतली पोरं हसली, आम्ही मात्र उटणं लावून, उरलेले फटाके वाजवून ती साजरी केली.

२००६ च्या मे अखेरीस ते निवृत्त झाले, ट्रे आणि पंच जमा करून आले. दोन दिवस गप्प होते. पुढं माझी मुलगी झाली आणि आगार पुन्हा सुरू झालं. मिठाईचा खोका हा ट्रे, नेलकटर हा पंच. तिला भरवताना चिऊ-काऊचे घास नव्हतेच. “हा कात्रज, हा शिवापूर, हा कापूरहोळ... भोर आलं, उतरा!” भाजीचा घास आला की ती तोंड मिटायची. मग अण्णा दोनदा घंटी वाजवल्यासारखं करून म्हणायचे, “या स्टॉपला गाडी थांबत नाही,” आणि नको असलेली भाजी गुपचूप स्वतः खायचे. माझ्या लहानपणी असं भरवायला ते घरी नव्हते. तेव्हाची बाकी ते नातीच्या खात्यात भरत होते, असं मला वाटतं. मला थोडा हेवाही वाटायचा.

२०२३ च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि जूनमध्ये दाखल्यानुसार अण्णा पंचाहत्तर वर्षांचे झाले. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. मी, आई आणि ते स्वारगेटहून निघालो की कंडक्टरनं विचारायच्या आत अण्णा ऐटीत सांगायचे, “एक फुल, एक हाफ, एक फुकट!” शून्य रुपयांचं ते पहिलं तिकीट त्यांनी पाकिटात घडी करून ठेवलं होतं. आईला म्हणायचे, “बघ, तुझी निम्मी तरी किंमत आहे.”

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. दिवस झाल्यावर आईला घेऊन भोरला निघालो. कंडक्टर मशीन घेऊन आला. मी पाकीट काढेपर्यंत आईच म्हणाली, “एक फुल, एक हाफ.”