जुनी सायकल, नवी सीट



माहेरचं घर नव्याने बांधायला काढलं, तेव्हा माळ्यावरची माझी लेडीज सायकल भावाने इकडे सांगलीला पाठवून दिली. 1978 साली मी कॉमर्स कॉलेजला जाऊ लागले, तेव्हा आप्पांनी घेतलेली. सळईचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकाला साडी गार्ड. गंज होता, पण सांगाडा सरळ होता. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलंच होतं आणि आमची सांगली सपाट. म्हटलं, नवी कशाला घ्यायची? हिलाच नीट करू.

अडलं ते सीटपाशी. ती अस्सल चामड्याची.

त्या काळी चांगल्या सायकलला चामड्याची सीट असणं ही मिरवायची गोष्ट होती. आप्पा व्रत-नियम पाळणारे, त्यांना ते खटकायचं. आईने जुन्या धोतराचं कव्हर शिवून त्यावर चढवलं होतं, पण बस्तीत मात्र या सायकलवरून जायचं नाही असा आप्पांचा नियम होता. दर्शनाला पायी. कमरेचा पट्टा, पाकीट आपण बाहेर काढून ठेवतो, मग ज्यावर बसून आलो त्याचं काय, असं ते म्हणत.

आता सायकल माझ्या दारात आली, तेव्हा घरात दोन मतं पडली. आमचे हे म्हणाले, "ते जनावर जाऊन पन्नास वर्षं झाली. सीट काढलीस म्हणून ते परत येणार आहे का? उलट चांगली वस्तू वाया जाईल." वहिनी म्हणाल्या, "कव्हर घातलं की दिसत नाही, पण आपल्याला माहीत असतंच ना?"

मला दोघांचंही थोडं थोडं पटलं. गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. स्वयंपाकात होते ती आरंभी, धंद्या-व्यवसायात होते ती उद्योगी, रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. या तिन्हींत जपून वागायचं, पण संकल्पी हिंसा मात्र सोडायचीच. शिवाय कृत, कारित आणि अनुमोदना आहेच. जुनी सीट मी केलेली नाही, करवलेलीही नाही. पण मऊ आहे, मुरलेली आहे, म्हणून मी रोज तिच्यावर आनंदाने बसणार आणि चारचौघींत तिचं कौतुक करणार, हे अनुमोदनेच्या फार जवळ जातं असं मला वाटलं. नवी सीट मिळत असताना तर जास्तच. म्हणून ठरवलं, बदलायची.

आणि मग कळलं की सीट बदलणं हे उशी बदलण्याइतकं सोपं नाही.

आधी चामड्याच्या सीटमध्ये असं काय असतं ते समजून घेतलं. तिच्यात गादी नसतेच. पुढचं टोक आणि मागची कड यांच्यामध्ये जाड चामडं झोळीसारखं ताणलेलं असतं आणि वापरून वापरून ते बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेतं. ही कला घोड्याच्या खोगिरावरून आली. ब्रुक्स ही प्रसिद्ध इंग्लिश कंपनी 1866 साली बर्मिंगहॅममध्ये घोड्यांचा चामडी साज बनवण्यापासूनच सुरू झाली. त्याच कंपनीने 2013 मध्ये चामड्याऐवजी रबर आणि सुती कापडाची सीट आणली, तीही झोळीसारखी लवणारी. म्हणजे आराम चामड्याचाच असतो असं नाही. पण तिच्या किमतीत आपल्याकडे नवी सायकल येते, म्हणून मी ती यादीतून काढली.

मग आपल्या बाजारातल्या सीटा. मैत्रिणींनो, दुकानात आपण सीट अंगठ्याने दाबून बघतो आणि सगळ्यात मऊ ती उचलतो. तसं करू नका. बसताना आपला भार खाली असलेल्या दोन हाडांवर यायला हवा. फार मऊ, फुगीर सीटमध्ये ती हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाब पडतो. जेल असलेल्या कव्हरचंही तेच. पाच मिनिटं छान वाटतं, अर्ध्या तासाने मुंग्या येतात.

आपलं माप घरीच घेता येतं. पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवा, त्यावर सायकलवर बसतो तसं बसा आणि टाचा थोड्या उचला. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. माझं अंतर 13 सेंटीमीटर आलं. बायकांची ही हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा जरा लांब असतात. आणि आपण जुन्या सायकलवर ताठ बसतो, त्यामुळे भार हातांवर न येता जवळजवळ सगळा सीटवर येतो. म्हणून सीट मागे रुंद हवी, हाडांच्या बाहेर दोन्हीकडे जागा उरेल इतकी. पुढचं टोक आखूड आणि अरुंद, म्हणजे मांड्या घासत नाहीत. खाली दोन स्प्रिंगा हव्यात. मी घेतलेली सीट मागे 21 सेंटीमीटर आहे, आतला फोम घट्ट आणि वरून रेक्झिन.

घेताना सीट उलटी करून बघा. हल्ली दुकानदार "लेदर आहे, चांगलं आहे" असं म्हणतात, पण बहुतेक वेळा ते रेक्झिन किंवा पीयू असतं. कडेला किंवा खालच्या बाजूला कापडाची वीण दिसली तर ते रेक्झिन. खालची बाजू लवदार, धाग्याविना आणि चामड्याचा वास येणारी असेल तर ती आपली नव्हे.

सीटच्या खालचा दांडाही सोबत न्या. जुन्या सायकलींच्या दांड्यांची जाडी वेगवेगळी असते, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी बसत नाही. सीटची क्लिप त्या दांड्यावर घट्ट बसते का, ते दुकानातच बघून घ्या.

आता उंची. आपल्या वयात पडायची भीती, म्हणून आपण सीट खूप खाली ठेवतो आणि मग गुडघे जास्त दुखतात. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच हवं. मी एकदम तिथे गेले नाही. आधी दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी ठेवली आणि दर चार दिवसांनी अर्धा इंच वर घेतली. दांडा किमान अडीच-तीन इंच नळीच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर तो मोडू शकतो. सीट सपाट हवी. टोक वर असेल तर पुढे टोचतं, खाली असेल तर आपण घसरतो आणि मनगटं दुखतात. फूटपट्टी आडवी ठेवून खिडकीच्या कडेशी ताडून बघा.

हँडल सीटपेक्षा थोडं वर घेतलं, म्हणजे कंबर वाकत नाही. पण सळईचे ब्रेक असतील तर हँडल हलवल्यावर सळयांची लांबीही जुळवावी लागते, ते मिस्त्रींनाच करू द्या. ब्रेकचे रबर इतक्या वर्षांत दगड होतात, ते आधी बदला. सीट नंतर. पूर्ण चेनकव्हर आणि साडी गार्ड काढून टाकू नका, मुलं "जुनाट दिसतं" म्हणाली तरी. टायरमध्ये हवा फार ठासून भरली तरी दोष सीटला येतो. टायरच्या कडेवर आकडा छापलेला असतो, त्याच्या पुढे जायचं नाही.

माझा हिशोब: सीट 480, ब्रेक रबर, मुठी, बेल, टायर-ट्यूब आणि मजुरी धरून एकूण 2,640 रुपये. डायनॅमो बसवला नाही. सूर्यास्ताच्या आत जेवण, त्यामुळे तोवर मी घरी असतेच. पावसाळ्यात मात्र सायकल कमी काढते. साधूंच्या ईर्या समितीइतकं आपल्याला जमणार नाही, पण चार हात पुढची जमीन बघत हळू जाणं तर जमतं. रस्त्यावर किडे-गोगलगायी फार दिसल्या की उतरते आणि चालते.

राहिली ती जुनी सीट. हे म्हणाले, अशा सीटांना हौशी लोक चांगले पैसे देतात. चामड्याचे पैसे घरात घ्यायला माझं मन झालं नाही. कचऱ्यात टाकणंही जिवावर आलं, ज्या जिवाची ती होती त्याचाच तो अपमान वाटला. आमच्या मिस्त्रींची स्वतःच्या सायकलची सीट फाटली होती आणि ते तशीच चामड्याची नवी घेणार होते. त्यांना मी ही तशीच, पैसे न घेता दिली. एक नवी कातडी तरी कमी लागेल. वहिनींना हे अजून पटलेलं नाही. त्या म्हणतात, दिली म्हणजे कारित झालंच. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. चातुर्मासात माताजी आल्या की दोघी मिळून विचारणार आहोत.

आईने शिवलेलं धोतराचं कव्हर नव्या रुंद सीटला पुरेना. उसवून मध्ये एक पट्टी जोडली, आता बरोबर बसतं. दर रविवारी धुते. सकाळी त्याच सीटवर बसून, कॅरिअरला पूजेची पिशवी लावून, बस्तीपर्यंत जाते.