चहाचा अर्क : जाम मुक्कामी टिपणे

वर्धा जिल्ह्यातल्या जामला चार वाटा फुटतात : नागपूर, हिंगणघाटवरून हैदराबाद, वरोऱ्यावरून चंद्रपूर आणि सेवाग्रामकडून वर्धा. त्यामुळे आमच्याकडचा पाहुणा बहुधा वाटेवरचा. तासभर टेकतो आणि पुढे निघतो. पुण्याचे भाचे आले की जिनमध्ये चहापत्ती भिजवून घरीच केलेल्या कॉकटेलचं वर्णन करतात. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे आणि मला ती मनापासून मान्य आहे. तरीही त्यांची कृती मी बारकाईनं विचारून घेतली. पानातून काय, कशानं आणि किती वेळात उतरतं, याचं चांगलं ज्ञान तिच्यात आहे.

*

कृती अशी : 750 मिलीच्या जिनच्या बाटलीत चार मोठे चमचे अर्ल ग्रे चहा, दोन तास, मग गाळून घ्यायचं. न्यूयॉर्कच्या ऑड्री सॉन्डर्स यांनी ही जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्याचा पांढरा बलक घुसळून केलेलं कॉकटेल गाजवलं. त्यात वेळ फार सांभाळावी लागते. मद्य थंड असलं तरी पानातला सुगंध झटपट ओढतं आणि पाठोपाठ टॅनिनही. रात्रभर राहिलं तर जीभ कोरडी पडते. उरलेला तुरटपणा अंड्यातलं प्रथिन धरून ठेवतं. आपल्या चहात तेच काम दूध करतं.

*

म्हणजे मद्य तिथे तीन कामं करतं : सुगंध ओढतं, टिकवतं आणि घोट सावकाश घ्यायला लावतं. ही कामं वाटून देता येतात. ओढायला थंड पाणी, साखर आणि दुधातली स्निग्धता. टिकवायला घट्ट पाक आणि फ्रीज. सावकाश प्यायला लावायला अद्रक, मिरी, जरासा तुरटपणा आणि लहान पेला.

*

थंड पाण्यातला चहा. एक लिटर पाणी, आठ ते दहा ग्रॅम अख्ख्या पानाचा चहा, झाकण लावून आठ तास फ्रीजमध्ये. थंड पाण्यात टॅनिन आणि कॅफिन कमी उतरतं, सुगंध मात्र येतो. दार्जिलिंग यात फार खुलतो. दुकानात सहज मिळते ती दाणेदार सीटीसी पत्ती. तिचा रंग आणि कडवटपणा लवकर सुटतो, म्हणून तिला तीन-चार तास पुरे. हे भांडं ओट्यावर ठेवू नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तेवढ्या उष्म्यात कोमट पाणी नासायला वेळ लागत नाही.

*

गांधीजी चहाचे विरोधक, एवढंच आपण ऐकलेलं असतं. 1942 साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी चहा करण्याची एक निर्दोष रीतही दिली आहे : गाळणीत पत्ती ठेवून तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं, खाली उतरणारा चहा गवताच्या काडीसारखा फिका पिवळा दिसला पाहिजे. त्यांचा आक्षेप होता तो पत्ती उकळून टॅनिन काढण्याला. पानाला किती वेळ पाण्यात ठेवायचं, हा प्रश्न सेवाग्रामच्या माणसालाही महत्त्वाचा वाटला होता, याचा मला आनंद वाटतो.

*

संत्र्याची साल. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते आपण सोलून खातो आणि साल टाकून देतो. पण सुगंधी तेल सालीतच असतं. चार संत्र्यांची साल, आतला पांढरा भाग खरवडून, शंभर ग्रॅम साखरेत चोळायची आणि रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी साखर ओली झालेली असते, कारण तिनं तेल आणि रस दोन्ही ओढून घेतलेले असतात. त्यावर कपभर कडक, गरम चहा ओतून ढवळलं की पाक तयार. आंबिया बहाराची संत्री आली की हा पाक करून ठेवावा.

*

दुधानं नितळ केलेला चहा. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात मिल्क पंच याच तत्त्वावर करत; त्यात मद्य असे, पण मद्याशिवायही जमतं. अर्धा लिटर कडक गोड चहा निववून त्यात तीन लिंबांचा रस घालायचा. स्टीलच्या गंजात दीडशे मिली कोमट दूध घ्यायचं आणि हा आंबट चहा त्यात हळूहळू ओतायचा. दूध चहात ओतायचं नाही. दूध फाटतं आणि चोथा टॅनिनला धरून बसतो. अर्ध्या तासानं सुती फडक्यातून गाळायचं. पहिली धार गढूळ येते, ती पुन्हा त्याच चोथ्यावर सोडायची. खाली उतरतं ते पारदर्शक, सोनेरी आणि जिभेवर रेशमी. दूधवाल्या गावात हे घरोघरी व्हायला हवं.

*

वायगावची हळद आमच्याच समुद्रपूर तालुक्यातली. तिच्यातलं कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मद्यात विरघळतं आणि तुपातही. म्हणून हळदीचा चहा नुसत्या पाण्यात केला तर बराचसा गाळ तळाशी बसतो. चमचाभर तुपात हळद आणि मिरी मंद परतून ती सायीच्या दुधात उकळली, की रंग आणि वास धरतो. मग वरून काडीच्या रंगाचा चहा. मद्याचं काम तूप करतं, ते असं.

*

गडचिरोलीत दारूबंदी 1993 पासून आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. आमच्या चौरस्त्यावरून हा सगळा फरक काही तासांच्या प्रवासात दिसतो. बंदी असूनही हातभट्टी पेटते, हे लपलेलं नाही. पण ज्या बायकांनी या बंदीसाठी मोर्चे काढले, त्यांच्या घरात पगाराचं काय होत होतं हे मी ऐकलेलं आहे. म्हणून बंदी उठावी असं मला वाटत नाही. तिच्या जोडीला आनंदाचं पेय हवं, असं मात्र नक्की वाटतं.

*

मांडणी : लहान काचेचा पेला, भरपूर बर्फ. थंड चहा तीन भाग, संत्र्याचा पाक एक भाग, अर्ध्या लिंबाचा रस, ठेचलेल्या अद्रकाच्या रसाचे दोन थेंब. झाकणाच्या बरणीत जोरानं हलवून गाळायचं. सोबत वर्ध्याच्या गोरस भांडारचं गोरसपाक बिस्किट. रात्री मुलांना देऊ नये. थंड चहातही कॅफिन असतंच.

*

महामार्गावरच्या हॉटेलांत, लग्नाच्या मांडवात, साठीच्या समारंभात मोठ्या माणसांसमोर आपण रंगीत सोड्याची बाटली ठेवतो आणि मोकळे होतो. दारू गाळणारा माणूस महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे एका चवीच्या मागे लागतो. ज्या जिल्ह्यानं दारू नाकारली, त्यानं पाहुण्यासाठी तेवढीच मेहनत घ्यायला हवी. रात्रभर भिजलेली पत्ती आणि साखरेत चोळलेली साल, इथून सुरुवात होऊ शकते.