तेजु नदीच्या काठावर एक दिवस

कंपनीच्या कामासाठी लिस्बनला चार दिवस गेलो होतो. बैठका गुरुवारी आटोपल्या. परतीचं विमान शुक्रवारी रात्रीचं होतं, म्हणजे मध्ये एक अख्खा दिवस मोकळा. बायकोने फोनवर बजावलं, "एकटा आहेस म्हणून हॉटेलात झोपून राहू नकोस, फिरून ये." मी हो म्हणालो. संध्याकाळी चार वाजता एका वकिलाला भेटायची वेळ घेतली होती, हे तिला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं.

गोव्यातल्या वाचकांना जास्त सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. आधी वडिलांच्या जन्माची नोंद लिस्बनला करायची, मग आपली. माझा आतेभाऊ असाच स्विंडनला गेला. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडचं ते दार बंद झालं, पण जर्मनी आहे, नेदरलँड्स आहे. माझ्या क्षेत्रात नोकऱ्या कधी जातील सांगता येत नाही आणि मुलगी आता चार वर्षांची आहे. बाबांचा जन्म १९५६ चा, डिचोलीचा. त्यांच्या जन्मनोंदीचा कागद, ज्याला आपल्याकडे तेओर म्हणतात, तो मी कपाटातून काढून बॅगेत टाकला होता. विचारलं नव्हतं, कारण उत्तर काय येईल ते मीच ठरवून बसलो होतो.

सकाळी रोसियु चौकात गेलो. समोर पांढऱ्या खांबांचं देखणं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. तिथे कॉफी पिताना मला नार्वे आठवलं. दिवाडीचं देऊळ पाडल्यावर सप्तकोटेश्वर नदी ओलांडून आमच्या डिचोली तालुक्यात नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आमचा तालुका पोर्तुगिजांकडे गेला अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी. त्याआधी ती देवांना पळून येण्याची जागा होती. कॉफी मात्र फक्कड होती, ते नाकारत नाही.

आणि एक गंमत. दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या! पोर्तुगीज मला ओ की ठो येत नाही. पण बटाटा तो बटाटाच, अननस तो अननसच, किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाटीवर चावी आणि खिडक्यांच्या दुकानावर जनेल. घरी आजीने "जनेल धांप" म्हटलं की आम्ही खिडकी बंद करत आलो. इतकी वर्षं तो शब्द माझ्या आजीचा वाटत होता.

१५ नंबरच्या ट्रामने बेलेंला गेलो. जेरोनिमुश मठ बघताना मान दुखते, इतकं कोरीव काम. दगडात दोरखंड, शिंपले, समुद्रातल्या वनस्पती. मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून याचा खर्च निघाला, म्हणजे मिरीचा वास या दगडांना असायला हरकत नाही. आत शिरताच डावीकडे वास्को द गामाची समाधी आहे. हा माणूस १५२४ मध्ये कोचीला वारला, तिथेच पुरला गेला आणि काही वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. एक शाळकरी मुलगा समाधीपुढे जांभई देत उभा होता. आम्हीही सहलीत असेच उभे राहायचो.

बाहेर नदीकाठी १९६० चं दर्यावर्दींचं प्रचंड स्मारक आहे आणि पुढ्यात फरशीवर जगाचा नकाशा. जहाजं कुठे कधी पोचली, ते साल घालून दाखवलंय. हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी मी १४९८ शोधलं, जरा वर सरकलो. गोवा माझ्या बुटाखाली आला. डिचोली बहुधा दोन दगडांमधल्या फटीत असावी.

तिथे बसून १८३७ पासून चालणाऱ्या दुकानातली अंड्याच्या मलईची पेस्ट्री खाल्ली. समोर तेजु नदी. आणि मला अप्पा आठवले.

अप्पा म्हणजे माझे आजोबा. पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्राव शिकले. तिथे पोर्तुगालच्या नद्या पाठ करायला लागायच्या. ऐंशीव्या वर्षी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसे. पण मिन्यु, दोउरु, तेजु, ग्वादियाना घडाघडा म्हणत. यातली एकही नदी त्यांनी पाहिली नाही. मोठेपणी त्यांनी देवळाच्या मंडपात पोरांना मराठी शिकवलं. त्यांच्या फळीवर मोहन रानडे यांचं 'सतीचे वाण' असायचं. रानडेही गोव्यात आले ते मराठीचे शिक्षक म्हणून. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियाश तुरुंगात आणलं. गोवा १९६१ ला सुटला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी केलेली धडपड अप्पा आम्हाला गीतरामायण लागलं की हटकून सांगत.

मोबाइलवर नकाशा उघडला. काशियाश बेलेंहून लोकलने जेमतेम तीन स्टेशनं! राजवाडे आणि संग्रहालयं सोडून गाडीत बसलो.

स्टेशनच्या बाहेर, अगदी समुद्रालगत, एक छोटा किल्ला दिसला. मी अंगावर काटा येऊन फोटो काढला आणि बाबांना पाठवला, "रानडे इथे होते." बाजूला कुत्रं फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तर त्यांनी मान हलवली आणि मागच्या टेकडीकडे बोट केलं. तुरुंग तो वरचा. अजूनही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. मग म्हणाल्या, १९७४ च्या एप्रिलमध्ये तिथून राजकैदी सुटले तेव्हा मी दाराशी उभी होते, माझा भाऊ आत होता. तुमचं कोण होतं? मी म्हटलं, आमच्या आजोबांच्या फळीवर होते. इंग्रजीत ते काही नीट जमलं नाही.

टेकडीचा दुसरा फोटो काढत होतो तेवढ्यात बाबांचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा झाले होते.

"तो किल्ला नाही, बाबा. चुकलो. वरचा."

"असू दे. अप्पांनी पाहायला हवं होतं."

पुढे काही क्षण कोणीच बोललं नाही. मग मी सांगून टाकलं. वकील, चार वाजता, कपाटातला कागद, सगळं. अर्जावर त्यांचीच सही लागणार हेही सांगितलं. ओरडतील म्हणून फोन कानापासून जरा दूर धरला होता.

"म्हाका विचारिल्लें जाल्यार दितलों आशिल्लों," बाबा म्हणाले. विचारलं असतंस तर दिला असता! म्हटलं, मग सही कराल? त्यावर म्हणाले, "कागद दिला असता म्हटलं. सहीचं घरी आल्यावर बघू. फोनवर असल्या गोष्टी होत नाहीत."

वकिलाला मी निरोप पाठवला की आज जमत नाही. त्याचं लगेच उत्तर आलं, हरकत नाही, गोव्याचे लोक पुष्कळदा असं करतात.

डिचोलीला पोचेपर्यंत डब्यातल्या पेस्ट्रीचा भुगा झाला होता. बाबांनी तो चमच्याने चहाबरोबर खाल्ला. सहीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. तेओर बॅगेच्या मागच्या कप्प्यातच आहे. बशी खाली ठेवत त्यांनी विचारलं, "तेजु आमच्या मांडवेपरस व्हड?"

"व्हड," मी म्हटलं.

ते त्यांना फारसं आवडलं नाही.