राक्षस खातो काय?

माझी सगळी नोकरी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे कादंबरीत एखादा अमानवी जीव आला की माझे प्रश्न ठरलेले असतात. हा खातो काय? श्वास कशाने घेतो? याची पिल्लं कशी होतात आणि त्यांना वाढवतं कोण? लेखकाकडे याची उत्तरं असली की तो जीव माणसाच्या प्रेमात पडला यावर माझा पूर्ण विश्वास बसतो. उत्तरं नसली तर शिंगं लावलेला एक देखणा पुरुष तेवढा पुढ्यात येतो, आणि त्याला भेटायला परग्रहावर जायची मला गरज वाटत नाही.

ही पुस्तकं माझ्यापर्यंत आली ती भाचीमुळे. ती पुण्यात नोकरी करते, वाचनाचं वेड आहे, आणि एखादं पुस्तक संपलं की ते माझ्या किंडलवर आल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ड्रॅगन, जादू, लढाया आणि या सगळ्याच्या मधोमध एक प्रेमकथा, या प्रकाराला तिच्या वयाची मुलं 'रोमँटसी' म्हणतात. त्याच्या शेजारचं दालन 'मॉन्स्टर रोमान्स'चं. तिथे नायक किंवा नायिकाच राक्षस असते. माझ्या वयाच्या मैत्रिणी हे ऐकून गप्प होतात. मला मात्र यात नवं काही वाटत नाही. फ्रान्समध्ये मादाम द विलनव्ह यांनी 'ब्युटी अँड द बीस्ट' 1740 साली लिहिली. त्या गोष्टीतल्या पशूचा शेवटी राजपुत्र होतो. लहानपणी ती ऐकली तेव्हाही तो पशू गेल्याचं मला वाईट वाटलं होतं. आजही माझं या पुस्तकांशी जे भांडण आहे ते तिथूनच सुरू होतं.

भाचीने पहिलं दिलं ते रेबेका यारोसचं 'फोर्थ विंग'. 2023 साली ते आलं आणि बघता बघता जगभर पोचलं. या मालिकेचा तिसरा भाग 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी 2025 मध्ये आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या 27 लाख प्रती खपल्या. नायिका व्हायोलेटचे सांधे सैल आहेत, जरा कुठे ताण आला की निखळतात. खुद्द यारोसबाईंना एहलर्स-डॅनलॉस हा संयोजी ऊतींचा आजार आहे, त्यामुळे गुडघे आवळून बांधणं, खांदा जागेवर बसवणं, दुखणं अंगावर काढत पायऱ्या चढणं हे सगळं त्यांच्या हातून इतकं नेमकं उतरलं आहे की वाचताना आपल्याच खांद्यात कळ येते. युद्धाच्या शाळेत असं शरीर घेऊन आलेली मुलगी ड्रॅगनवर स्वार होते. तिच्यासाठी खोगीर करावं लागतं, आणि बाकीचे स्वार बिनखोगिराचे असताना तिने ते वापरायचं की नाही, हा प्रश्न उरतोच. मला ही कादंबरी आवडली ती एवढ्यासाठी. आणि ड्रॅगनसाठी.

व्हायोलेटचा टेर्न काळा, अवाढव्य आणि शीघ्रकोपी आहे. तो तिला निवडतो, पण तिचा मिंधा होत नाही. ड्रॅगनांची स्वतःची सभा भरते आणि तिथे काय ठरलं ते माणसांना सांगायला ते बांधील नसतात. टेर्नची जोडीदारीण आहे स्गेल, आणि ती कथेचा नायक झेडन याची ड्रॅगन. ही दोघं एकमेकांपासून फार दिवस लांब राहू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या स्वारांनाही जवळ राहावं लागतं. प्राण्यांच्या जोडी बांधण्यावर दोन माणसांचं प्रेम उभं करायचं ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पण यारोसबाई तिच्यावर थांबत नाहीत. झेडनचे डोळे, झेडनचे दंड, झेडनच्या सावल्या यांत पानंच्या पानं जातात आणि टेर्न-स्गेल आकाशात कुठेतरी राहून जातात. मी भाचीला फोनवर म्हटलं, "मला त्या दोन ड्रॅगनांची प्रेमकथा हवी होती." ती म्हणाली, "मावशी, तू एकटीच असशील तसं म्हणणारी." असेनही. पण हे मत मी सोडलेलं नाही.

रूबी डिक्सनचं 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' हे त्या मानाने साधं पुस्तक. लेखिकेने ते 2015 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलं आणि पुढे मोठ्या प्रकाशकाने ते उचललं. पृथ्वीवरून पळवलेल्या मुली एका बर्फाळ ग्रहावर येऊन पडतात. तिथले रहिवासी निळे, शिंगांचे, शेपटीचे. त्या ग्रहाच्या हवेत असं काही आहे की माणूस तिथे फार दिवस तगत नाही. जगायचं असेल तर 'खुई' नावाचा एक परजीवी छातीत घ्यावा लागतो. तो यजमानाला जिवंत ठेवतो, आणि ज्याच्याशी संतती होऊ शकेल असा जोडीदार जवळ आला की छातीत थरथरतो.

इथे मी पुस्तक खाली ठेवून उठले आणि अंगणात फेऱ्या मारल्या, इतकी ही कल्पना मला पकडून बसली. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी उंदराच्या मेंदूत शिरला की उंदराची मांजराबद्दलची भीती कमी होते. परजीवीला मांजराच्या पोटात जायचं असतं, म्हणून तो उंदराचं वागणं बदलतो. मग खुईला काय हवं असेल? नवे यजमान. म्हणजे मुलं. त्या दोघांना जे प्रेम वाटतं आहे ते त्यांचं, की खुईचं? यापेक्षा भेदक प्रश्न प्रेमकथेला क्वचितच मिळतो. डिक्सनबाई तो विचारतात आणि लगेच सोडूनही देतात. नायिका जॉर्जी आणि तिथला नायक व्हेक्टल यांच्या छातीतला थरथराट खराच असतो आणि पुढे सगळं सुखाचं होतं. शिवाय पहिल्या भेटीत व्हेक्टल जॉर्जीला न विचारता जवळ येतो. त्याची भाषा तिला येत नाही, तिची त्याला येत नाही, ही सबब मला पुरत नाही. जिथे भाषा नाही तिथे थांबून वाट पाहण्याची जबाबदारी दुप्पट असते, आणि परग्रहवासी नायकाकडून तर मी ती हक्काने मागते. इतकं असूनही ही पुस्तकं लोक का वाचतात हे मला नीट कळतं. त्या निळ्या माणसांच्या वस्तीत कुणी उपाशी राहत नाही, शिकार सगळ्यांत वाटली जाते, बाईला एकटं सोडत नाहीत. दिवसभर थकून आलेल्या मुलीला रात्री अशा वस्तीत जावंसं वाटलं तर त्यात गैर काय?

सी. एम. नॅस्कोस्टाच्या 'मॉर्निंग ग्लोरी मिल्किंग फार्म'बद्दल थोडक्यात. 2021 च्या या पुस्तकाची चर्चा त्यातल्या शरीराच्या तपशिलांवरच अडकते. मला त्यात सगळ्यांत खरं वाटलं ते नायिकेचं शिक्षणाचं कर्ज. बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर नायक मात्र सुटाबुटातला सभ्य उद्योजकच आहे. रवंथ करत नाही, कळपाची ओढ नाही. एवढं मोठं शरीर दिलं आणि त्याच्या आत वेगळं मन ठेवलं नाही.

आता जॉन विझवेलच्या 'समवन यू कॅन बिल्ड अ नेस्ट इन'कडे येते. 2024 ची ही कादंबरी, तिला नेब्युला पुरस्कार मिळाला. या सगळ्या पुस्तकांत मी कुणाच्या हातात आग्रहाने ठेवीन तर हेच.

शेशेशेन ही राक्षसीण स्वतःच गोष्टीच्या केंद्रस्थानी आहे. तिला ठरावीक आकार नाही. गिळलेल्या जनावरांची हाडं ती सांगाडा म्हणून वापरते, लोखंडी सापळ्याचा जबडा करते, आणि माणसांत जायचं झालं तर हे सगळं आत नीट रचून माणसाचं रूप उभं करते. हे उभं राहणं किती कष्टाचं आहे ते आपल्याला आतून दिसतं. तिच्या जातीत प्रेमाचा अर्थ ठरलेला आहे. ज्याच्यावर प्रेम, त्याच्या शरीरात अंडी घालायची. पिल्लं त्यालाच खाऊन वाढतात. ती स्वतः बापाच्या देहात जन्मली आणि त्याची ऊब तिला अजून आठवते. मग ती जखमी असताना होमिली नावाची बाई तिला माणूस समजून वाचवते, तिची शुश्रूषा करते, आणि शेशेशेनला वाटू लागतं, हिच्यात घरटं करावं. होमिलीचं घराणं राक्षसांची शिकार करणारं, आणि त्या घरात तिच्या आईने तिचे जे हाल केले आहेत ते वाचताना राक्षस कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

भाची गणपतीत आली होती तेव्हा ती या पुस्तकावर चिडलेली होती. "अंडी घालणं हे प्रेम कसं असेल? किळस आली मला." मी तिला माजघराच्या खिडकीशी नेलं. लाकडी चौकटीच्या कोपऱ्यात कुंभारमाशीने केलेलं मातीचं इवलंसं मडकं होतं, तोंड लिंपून बंद केलेलं. मी सुरीच्या टोकाने त्याची एक बाजू अलगद काढली. आत हिरव्या अळ्या एकमेकींना लागून दाटीने भरलेल्या, आणि त्यांच्यात पिवळट रंगाची एक वेगळी, जाड अळी. तिने एका हिरव्या अळीला तोंड लावलं होतं. भाचीने सुरीचं टोक जवळ नेलं तसं त्या हिरव्या अळीचं एक टोक किंचित हललं.

"या जिवंत आहेत?"

"जिवंतच. नांगी मारून लुळ्या केल्यात. मेल्या असत्या तर कुजल्या असत्या, आणि पिल्लाला ताजं मिळालं नसतं."

"आणि आई?"

"ती गेली. एवढी सोय करून, तोंड बंद करून गेली. हे पिल्लू ती कधी बघणारही नाही."

भाची बराच वेळ तिथे उभी होती. नंतर म्हणाली, "म्हणजे शेशेशेन खोटं बोलत नाहीये." मला हेच तिला दाखवायचं होतं. शेशेशेनच्या दृष्टीने घरटं करणं म्हणजे आपल्याकडचं सगळ्यांत पवित्र ते देणं. तिला प्रेमात जे शिकावं लागतं ते फार अवघड आहे: समोरच्याला काय हवं ते आपल्या रक्तात लिहिलेलं नसतं, ते त्यालाच विचारावं लागतं. विझवेलने हे तिला राक्षसीण ठेवूनच शिकवलं. शेवटी तिची राजकन्या करून टाकली नाही. यासाठी मी त्याची मनापासून ऋणी आहे. कादंबरीचा उत्तरार्ध मला लांबलेला वाटला आणि होमिलीच्या घरातली भांडणं आटोपशीर हवी होती, पण त्यामुळे माझं मत बदलत नाही.

जुन्यांपैकी रेचल इंगल्सचं 'मिसेस कॅलिबन' मात्र वाचाच. 1982 ची, हातात मावेल एवढी कादंबरी. डोरोथीचा मुलगा गेलेला आहे, नवऱ्याशी बोलणं उरलेलं नाही, आणि संशोधन संस्थेतून पळालेला हिरवा समुद्रजीव थेट तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो. तो खातो काय? भाज्या, फळं, आणि अव्होकाडो तर अगदी जीव टाकून. डोरोथी त्याच्यासाठी पिशव्या भरभरून ते आणते. माझ्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर इंगल्सबाईंनी प्रेमाच्या मध्यभागी ठेवलं आहे, कारण दुसऱ्याच्या भुकेची काळजी करणं हेच डोरोथीच्या घरात थांबलेलं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत परका वाटलेला नायक शिंगांचा नाहीच. केलियन ब्रॅडलीच्या 'द मिनिस्ट्री ऑफ टाइम'मध्ये ब्रिटिश सरकार काळातून माणसं उचलून आणतं. त्यांतला ग्रॅहम गोर हा खराखुरा नौदल अधिकारी होता. 1845 मध्ये आर्क्टिककडे निघालेल्या ज्या फ्रँकलिन मोहिमेतून कुणी परतलं नाही, तिच्यातला. त्याला 1847 च्या बर्फातून आजच्या लंडनमध्ये आणतात आणि एका सरकारी नोकरदार बाईबरोबर एका घरात ठेवतात. तिची आई कंबोडियातून जीव वाचवून आलेली. लग्नाशिवाय एका बाईबरोबर राहायचं म्हणून तो संकोचतो, साम्राज्य उरलं नाही हे त्याला पचत नाही, आणि आपल्या गोळीने मेलेल्या एका इनुइट माणसाचं ओझं तो वागवतो. त्याच्या आणि तिच्या मधलं अंतर कुठल्याही निळ्या कातडीपेक्षा जास्त आहे. शेवटाकडे कटकारस्थानं घाईने उरकली आहेत, पण पूर्वार्धातला त्या दोघांचा संसार मी पुन्हा वाचला.

मराठीत मी नारायण धारपांची पुस्तकं वाचून मोठी झाले. तिथे अमानवी शक्ती आली की धारपांचे नायक समर्थ तिला हुसकावून लावतात, आणि दार बंद झालं की हायसं वाटतं. तो आनंद मी विसरलेले नाही. पण अमानवी जीव घरात आला आणि त्याला जेवायला वाढलं, अशी गोष्ट आपल्याकडे धारपांच्या कितीतरी आधी लिहिलेली आहे. आदिपर्वातली हिडिंबा भीमाला खाण्यासाठी पकडायला येते आणि त्याच्यावर भाळते. ती सुंदर स्त्रीचं रूप घेऊन समोर येते, इथे व्यासांशीही माझं भांडण आहे. पण पुढे करार होतो. दिवसा भीम तिच्याबरोबर, संध्याकाळी तो भावांकडे परत, आणि हे मुलगा होईपर्यंतच. आणि व्यास पुढे सांगतात की राक्षसी गर्भ राहताच प्रसूत होतात. घटोत्कच जन्मताच तरुण होतो. म्हणजे रूप माणसाचं घेतलं तरी शरीर राक्षसीचंच राहिलं, त्याचा काळ वेगळाच चालला. माणसाने नऊ महिने धरून केलेला करार तिच्या देहाने किती लवकर संपवला असेल! ती भीमाला सांगू शकली असती का, की थांब, आमच्यात हे असं होतं? तिला हे आधी माहीत होतं, आणि तरी तिने ती अट मान्य केली. ही कादंबरी मला मराठीत हवी आहे, हिडिंबेच्या तोंडून, तिच्या मूळ रूपात, ती रानात काय खाते आणि भीमासमोर काय खात नाही हे सांगणारी.