गुडघाभर आग

वर्धा जिल्ह्यातला वणवा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही. सेलू तालुक्यातल्या हिंगणीकडून बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाकडे पाहावे, नाहीतर आष्टी-कारंज्याच्या टेकड्यांवर नजर टाकावी. उन्हाळ्याच्या रात्री डोंगराच्या कुशीत एक तांबूस रेघ सरकताना दिसते आणि गाव ती पाहून झोपी जाते. ज्वाळा जेमतेम गुडघाभर असतात. झाडांचे शेंडे पेटत नाहीत. सकाळी साग आणि ऐन जागच्या जागी उभे असतात, फक्त जमीन काळी झालेली असते, आणि मृग बरसला की तीही हिरवी होते. त्यामुळे ऑस्ट्रेलिया किंवा कॅलिफोर्नियातली जळती शहरे दूरदर्शनवर पाहणाऱ्या आपल्याला घरचा वणवा किरकोळ वाटतो. त्याची नोंद होते ती हेक्टरमध्ये. ही मोजपट्टीच चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. वणव्याचा माणसाला असलेला धोका ज्वाळेच्या उंचीवर ठरत नाही, तो तिच्या वेगावर ठरतो. आणि वेगाच्या बाबतीत गुडघाभर आग डोक्याएवढ्या आगीला हार जात नाही.

हा वेग येतो कुठून? मोठा ओंडका पेटायला वेळ लागतो, कारण त्याच्या पोटात ओल असते. वाळलेल्या गवताच्या काडीला पोटच नसते. भोवतालची हवा कोरडी झाली की तासाभरात गवतही तितकेच कोरडे होते, म्हणून सकाळी न पेटणारा उतार दुपारी ठिणगीसरशी पेट घेतो. विदर्भातले जंगल पानगळीचे आहे. फेब्रुवारीपासून सागाची पाने गळतात. ती मोठी, वळलेली आणि खरखरीत असल्याने दाबून बसत नाहीत, त्यांच्या थरात हवा खेळत राहते. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि दुपारनंतर वारा दिशा बदलत वाहू लागतो. उरलेले काम चढण करते. ज्वाळा वर झुकते आणि पुढचे गवत आधीच तापवून ठेवते. दर दहा अंशांच्या चढणीला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियन अग्निशास्त्रज्ञ मॅकआर्थर यांच्या अभ्यासातून आलेला ढोबळ नियम आहे. वीस अंशांच्या उतारावर म्हणजे चौपट. माणसाचे मात्र उलटे असते. चढणीवर त्याचा वेग निम्म्यावर येतो. डोंगरावरच्या वणव्यातले बहुतेक मृत्यू या दोन आकड्यांच्या फरकात घडतात.

याचा पुरावा शोधायला परदेशी जायची गरज नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात आग विझवणाऱ्या वनमजुरांपैकी तिघांचा होरपळून मृत्यू झाला आणि दोघे गंभीर भाजले. आग बरीचशी आटोक्यात आली होती. वाऱ्याने ती पुन्हा उसळली आणि माणसे वेढली गेली. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात आग विझवणारे तिघे असेच गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात चार वनकर्मचारी जागीच दगावले. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या गवताळ डोंगरावर गिर्यारोहकांचा जथा सापडला आणि वीसहून अधिक जीव गेले. चार राज्ये आणि चार वेगळ्या तऱ्हेची जंगले, पण गोष्ट एकच. चढ होता, खाली वाळलेला पाला किंवा गवत होते आणि वारा फिरला. यांतल्या कोणत्याही आगीची जगात गाजलेल्या महाकाय वणव्यांत गणना होणार नाही. नागझिऱ्याचे जंगल हवाई अंतराने बोरपासून फार लांब नाही. तिथली पानगळ, तिथला उन्हाळा आणि तिथले उतार बोरच्याच जातकुळीचे आहेत. तिथे जे झाले ते वर्ध्यात होणार नाही असे मानायला आधार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो नशिबाचा. वारा कधी फिरेल हे कोणाला सांगता येते, अपघात म्हणजे अपघात, असे म्हटले जाते. हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या गवताळ घळीत आग विझवायला उतरलेल्या तुकडीतले तेरा जण मरण पावले. चढणीवर आगीने त्यांना गाठले. तुकडीचा प्रमुख वॅग डॉज याने मात्र पळता पळता थांबून समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि जळून गेलेल्या राखेत तो पालथा पडून राहिला. मागची आग त्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेली, कारण राखेत तिला खायला काही उरले नव्हते. त्याने सोबत्यांना हाका मारल्या. पण ही युक्ती कोणी शिकवलेली नसल्याने ते धावत राहिले. या आणि अशाच इतर दुर्घटनांची छाननी करून १९५७ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने आग विझवणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले. त्यांचे सार पुढे चार गोष्टींत सांगितले जाऊ लागले: आगीवर लांबून नजर ठेवणारा एक माणूस, सगळ्यांशी बोलण्याची सोय, आधीच ठरवलेली पळवाट आणि आग पोचणार नाही अशी जागा. या चारही गोष्टी पाळता येत नसतील तर आगीला भिडायचे नाही. वारा फिरणे कोणाच्या हातात नसते, पण तो फिरेल हे धरून चालणे हातात असते.

आता आपल्याकडे या आगीसमोर उभा कोण असतो ते पाहू. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत आधीच जाळून आगीची वाट तोडली जाते. नंतरचे चार महिने वनरक्षकाच्या जोडीला जंगलालगतच्या गावांतले हंगामी मजूर येतात. त्यांना फायर वॉचर म्हणतात. अलीकडे पाला उडवणारे ब्लोअर आले आहेत, तरी हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपणे हे अजूनही मुख्य काम. वाघाच्या नावाने राखलेल्या या जंगलात सगळ्यांत कमी सुरक्षित प्राणी हा मजूर असतो. त्याला पायवाट, पाणवठे आणि वाऱ्याचा कल ठाऊक असतो. पण ठाऊक असणे आणि प्रशिक्षित असणे यांत फरक आहे. वाळलेल्या झुडपात वरच्या अंगाला उभे राहून आग मारायची नाही, राखेची बाजू सोडायची नाही, हे त्याला कोणीतरी हंगामापूर्वी उतारावर नेऊन करून दाखवायला हवे. सुती जाड कपडे, पायात बूट, पाणी, वायरलेस आणि बाराही महिने लागू राहणारा विमा या गोष्टींना चैन म्हणता येणार नाही.

इथे वनाधिकाऱ्यांच्या बाजूने एक प्रामाणिक शंका निघते. मजुराला माघारीचा हक्क दिला तर आग पसरेल, हरणांची पाडसे, जमिनीवरची घरटी, रोपवन सगळे जाईल. मग जंगल राखायचे कोणी? शंका खरी आहे आणि नुकसानही खरे आहे. बोर हा देशातल्या सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, मूळ क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथे एक मोठी आगही महाग पडते. पण माघार म्हणजे मैदान सोडणे असे नाही. पुढच्या जाळरेषेवर किंवा रस्त्यावर थांबून, संध्याकाळी हवा गार झाल्यावर आगीला तिथे अडवता येते. जळालेले गवत पहिल्या पावसात परत येते आणि साग खोडापासून फुटतो. या हिशेबात परत न येणारी गोष्ट एकच आहे, माणूस. म्हणून क्रम लावायचा झाला तर तो आधी लावून, लेखी द्यायला हवा. भर दुपारी उतारावर उभ्या असलेल्या वनरक्षकावर तो निर्णय टाकणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप रागाचा आहे: आग लावणारे गावकरीच, त्यांना शिक्षा करा. भारतातल्या बहुतेक वणव्यांमागे माणसाचा हात असतो हे खरेच. कायदाही कमकुवत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही अभयारण्यात त्याला मनाई केली आहे. पण आग का लावली जाते ते पाहिले की शिक्षेची मर्यादा कळते. मोहाची फुले पहाटे पाल्यात हरवतात, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी कोवळी पाने फुटावीत म्हणून आग दिली जाते. आणि वर्धा हा कापसाचा जिल्हा. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून नष्ट करा, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात येईल, हा सल्ला कृषी खातेच देते. मजुरी परवडत नाही, तेव्हा शेतकरी पऱ्हाटी आणि धुरे पेटवतो. वावधन सुटले की तीच आग शेजारच्या गव्हात, कुटाराच्या ढिगात, गोठ्यात शिरते, तर कधी जंगलात. धुरा पेटवायला गेलेला म्हातारा शेतकरी त्याच धुऱ्यावर भाजून मेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येत राहतात. या माणसाला गुन्हेगार म्हणण्याआधी त्याच्या गावात पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र भाड्याने मिळते का आणि मोहाखाली बांधायला जाळी मिळते का, हे विचारले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या आणि आग लावावी लागत होती. तेंदूचे पैसे सोडून त्यांनी बांबूवर भिस्त ठेवली. दंडाच्या धाकाने हे झाले नसते. जंगल आपले झाल्यामुळे झाले.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा असतो: आग ही या जंगलांची जुनी सोबतीण आहे, तिला पूर्ण हद्दपार केले तर गवत आणि पाला साचून पुढची आग अधिक भयंकर होईल. हे मला मान्य आहे आणि माझ्या मुद्द्याला ते बळच देते. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी, दवाच्या ओलीत, माणसे हजर ठेवून लावलेली आग आणि एप्रिलच्या दुपारी सुटलेली आग यांत वेगाचाच फरक आहे. गवत कमी करण्याचा आणखी एक मार्ग आपण विसरलो आहोत, तो म्हणजे कापणी. १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तो राखीव जंगलातले गवत कापून. गवतावर गावाचा हक्क आहे, हे त्यातून सांगायचे होते. आज आर्वी-कारंज्याच्या पट्ट्यात गवळाऊ गाई पाळणारे गवळी चाऱ्यासाठी वणवण करतात आणि थोड्या अंतरावर न कापलेले गवत वाळून इंधन होते. मोकाट चराईने जंगलाचे नुकसान होते, म्हणून अभयारण्याच्या गाभ्यात गुरे सोडावीत असे मी म्हणणार नाही. पण सीमेवरच्या पट्ट्यात हिवाळ्यातच गवत कापून गावाला द्यायला काय हरकत आहे?

उपग्रहांमुळे आता आगीची सूचना मोबाइलवर येते, भारतीय वन सर्वेक्षणाची ही सेवा मोलाची आहे. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो आणि वाळल्या उतारावरची आग दोन फेऱ्यांच्या मधे आपले काम उरकते. शेवटी तिथे माणूसच पोचतो, आणि तो पायी पोचतो. वनखात्याने आणि जिल्हा प्रशासनाने पुढच्या १५ फेब्रुवारीपूर्वी निदान एवढे करावे: प्रत्येक हंगामी मजुराचे प्रशिक्षण आणि विमा, प्रत्येक तुकडीत एक निरीक्षक, आणि पळवाट दिसत नसेल तर आगीपासून मागे येण्याचा लेखी अधिकार. हंगाम संपल्यावर अहवाल लिहिताना किती हेक्टर वाचले याच्या आधी, आगीवर गेलेली सगळी माणसे घरी परतली की नाही, हे लिहावे.