कोकम सांडलं, सीलर सुटला

रत्नागिरीत मे महिन्यात फरशीवर कोकमाचा रस सांडतोच. फरशी शहाबादी किंवा संगमरवरी असेल, तर पुसल्यावरही निस्तेज ठिपका उरतो आणि बघणाऱ्याला चुटपुट लागते. कोकमातल्या आम्लाने तिथला दगडच खाल्लेला असतो. घासून उपयोग नाही. पुन्हा पॉलिश करावं लागतं.

जांभ्याचं निराळं. रत्नागिरीतला १९१० सालचा थिबा राजवाडा या दगडाचा. जांभा सच्छिद्र, ओल पितो, सोडतो. चकाकीच्या हौसेपायी त्यावर अ‍ॅक्रिलिक सीलर फासला की पावसाळ्यात ओल खाली कोंडते आणि सीलरचे पापुद्रे सुटतात. मग ते काढायला लोक अ‍ॅसिड ओततात. अ‍ॅक्रिलिकचा थर त्याने निघत नाही. तो स्ट्रिपरने मऊ करून नायलॉनच्या ब्रशने काढावा, आधी कोपऱ्यात करून बघावं.

पुन्हा सीलर लावायचाच असेल, तर दगड पुरता सुकू द्या. दिवाळीपर्यंत थांबा.