आवाजाचे पाट

आमच्या भंडारा जिल्ह्यात तलावाच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाही. तलाव काठोकाठ भरला म्हणजे आपली बांधी भिजतेच असे नाही. पाट कोणीकडे वळला आहे ते पाहावे लागते. एवढे साधे ज्ञान आम्हांस मात्र पन्नाशी उलटल्यावर, तेही संगणकापुढे बसून, प्राप्त झाले.

२०२० साली महाविद्यालये बंद होती आणि आम्ही घरूनच शिकवीत होतो. एके दिवशी वैनगंगेकाठच्या एका आजीबाईंच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आम्ही वर्गास ऐकविले. कानांस हेडफोन लावून आम्ही डोलत होतो; विद्यार्थीही निःशब्द होते. ती तल्लीनताच, असे आम्ही समजलो. तास संपल्यावर, नातवाच्या फोनशी कान लावून बसलेल्या आजीबाईंनी विचारले, "सर, माझा आवाज कुठं गेला जी?" वर्गास आमचे 'वा! वा!' तेवढे ऐकू गेले होते.

आमच्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. तीत प्रत्येक प्रोग्रामचा आवाज परस्पर कर्ण्याकडे जात नाही. पाणी वाटणाऱ्या पाणकराप्रमाणे मध्ये एक ध्वनिसेवक बसलेला असतो. आमचा सेवक पल्सऑडिओ. त्याने ओव्या हेडफोनकडे सोडल्या होत्या, आणि वर्गाकडे केवळ मायक्रोफोन. त्याचा काय अपराध? त्यास आम्ही दुसरे काही सांगितलेच नव्हते!

उपाय एका विद्यार्थ्याने शिकविला. एक कल्पित कर्णा निर्माण करावा. ओव्या आणि मायक्रोफोन दोन्ही त्यात सोडावे. आणि त्या कर्ण्याचा 'मॉनिटर' वर्गाच्या प्रोग्रामास मायक्रोफोन म्हणून द्यावा. विद्यार्थ्यांचा आवाज मात्र त्यात मिसळू देऊ नये, नाही तर त्यांचेच बोलणे प्रतिध्वनी होऊन त्यांच्याकडे परत जाते. पुढे २०२१ साली फेडोरा ३४ मध्ये पल्सऑडिओची जागा पाइपवायरने घेतली. संगीतकारांच्या जॅक या सेवकाचे कामही तोच करतो. आणि त्याच्या जोडण्या पडद्यावर तारांसारख्या दाखविणारी साधने आहेत. कोणाचा आवाज कोठे जातो, हे आता डोळ्यांनी दिसते.

पुढच्या तासास ओव्या पोहोचल्या. त्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. एका वृद्ध कंठात तेवढ्या आहेत. आपल्या कानी पडले ते सर्वांच्या कानी पडले, अशा समजुतीत आम्ही किती वर्षे शिकविले, कोण जाणे! त्या दिवशी आजीबाईंनी विचारले नसते, तर आम्ही अजूनही एकटेच डोलत बसलो असतो.